नवे रान, परके गाव

एम. ए.च्या वर्गात ग्रामीण साहित्याचा पेपर शिकवताना आम्ही दरवर्षी एक आडवाट धरतो आणि विद्यार्थ्यांना दोनतीन तासांपुरते रशियात नेतो. इवान तुर्गेन्येवचे ‘शिकाऱ्याची टिपणे’ हे पुस्तक १८५२ साली मॉस्कोत निघाले. त्याविषयीचे ठरीव वाक्य विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असते : भूदासपद्धतीविरुद्ध जनमत घडविणारे पुस्तक. उत्तरपत्रिकेत ते तसेच उमटते. वाक्य खोटे नाही. पण त्यामुळे एक साधी गोष्ट झाकली जाते. या पुस्तकाचा निवेदक भूदासांची हलाखी पाहायला घराबाहेर पडलेला नाही. तो पक्षी शोधायला बाहेर पडला आहे. आपल्या भागातले रान संपत चालले, तेव्हा नवे रान कोठे मिळेल, या चिंतेने तो गावोगाव हिंडतो आणि माणसे त्याला वाटेत भेटतात.

‘खोर आणि कालिनिच’ ही पहिली कथा १८४७च्या आरंभी ‘सोव्रेमेनिक’ मासिकात किरकोळ मजकुराच्या सदरात छापली गेली. ‘शिकाऱ्याच्या टिपणांतून’ हे उपशीर्षकही लेखकाचे नव्हे. वाचकाने फार कठोर होऊ नये म्हणून संपादक पानायेव यांनी ते जोडले. (रशियन ‘अखोता’ या शब्दाला शिकार आणि इच्छा असे दोन्ही अर्थ आहेत. कॉन्स्टन्स गार्नेटने १८९५च्या इंग्रजी भाषांतरात ‘स्पोर्ट्समन’ हा शब्द घातला आणि ती इच्छा गेली, खेळ तेवढा उरला, असे आमच्यापैकी एकाचे मत आहे.) कथेचा प्रारंभ एका तुलनेने होतो. ओर्योल प्रांतातला शेतकरी खुजा, वाकलेला, अस्पेनच्या लाकडाच्या भिकार खोपटात राहणारा, जमीनदाराच्या शेतावर वेठ करणारा; कलुगा प्रांतातला उंच, मोकळ्या नजरेचा, पाइनच्या प्रशस्त घरात राहणारा, वेठीऐवजी रोख खंड भरणारा. मग निवेदक म्हणतो की शिकाऱ्याच्या दृष्टीनेही कलुगाच बरे. ओर्योलमधील उरलीसुरली जंगले आणि झुडपांचे पट्टे पाचेक वर्षांत नाहीसे होतील, दलदली तर औषधालाही नाहीत. कलुगात मात्र राने शेकडो व्हर्स्ट पसरलेली आहेत आणि काळा ग्राउस अजून टिकून आहे.

या पक्ष्याला मराठीत नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाही. त्याचे रशियन नाव ‘तेतेरेव’. भाषाभ्यासक ते संस्कृत ‘तित्तिरि’शी, म्हणजे आपल्या तित्तराशी, जुळवून पाहतात. पक्षी वेगळे, पण नाव बहुधा दोन्हीकडे आवाजावरूनच पडलेले.

ही तुलना वर्गात वाचताना विद्यार्थी शेतकऱ्यांचा भाग अधोरेखित करतात आणि पक्ष्यांचा भाग सोडून देतात. आम्हांला वाटते, ते दोन भाग वेगळे नाहीतच. ओर्योलची माती काळी, पिकाऊ. अशा मातीत जमीनदाराला रोख खंडापेक्षा वेठीत अधिक फायदा दिसे. म्हणून रान मोडून शेत वाढत गेले. ज्या नांगराने ग्राउसचे रान गेले, त्याच नांगराला तो खुजा शेतकरी जुंपलेला होता. तुर्गेन्येव हे कार्यकारण बोलून दाखवीत नाही. तो नुसता शिकारीला झिज्द्रा तालुक्यात जातो. तिथला छोटा जमीनदार पोलुतिकिन त्याला रानात भेटतो आणि घरी नेतो. या पोलुतिकिनचा कालिनिच नावाचा भूदास रोज धन्याची पिशवी आणि बंदूक वाहत त्याच्याबरोबर हिंडतो. आणि धनी स्वतःच मोकळेपणाने सांगतो की माणूस चांगला आहे, पण रोज मी त्याला शिकारीला नेतो, मग त्याची शेती कशी व्हावी?

नव्या रानात पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न या पुस्तकात फार शांतपणे सोडविलेला दिसतो. ‘माझा शेजारी रादिलोव’मध्ये निवेदक तित्तरांच्या मागे जाता जाता एका ओसाड बागेत शिरतो. शरदात वुडकॉक जुन्या लिंडनच्या बागांत उतरतात, हे त्याला ठाऊक आहे. पणजोबांनी हौसेने लावलेल्या बागा, घरे कोसळली तरी झाडे उभी. तो बार काढतो, जवळच एक मुलगी किंचाळते, मागोमाग मालक येतो. निवेदक क्षमा मागून त्याच्या हद्दीत मारलेला पक्षी पुढे करतो. मालक म्हणतो, घेतो, पण अट ही की आज जेवायला आमच्याकडेच थांबायचे. आता याच्या शेजारी ‘बिर्युक’ ठेवून पाहावे. तिथे एक कंगाल शेतकरी भर पावसात रात्री परक्या रानातले झाड तोडताना सापडतो, आणि रानाचा राखणदार, जो स्वतःही भूदासच आहे, त्याचे हात बांधतो. एका आगंतुकाला जेवणाचे आमंत्रण, दुसऱ्याच्या हाताला दोरी. निवेदकाचा सोबती येर्मोलाय हाही शेजाऱ्याचा भूदास. महिन्यातून एकदा ग्राउस आणि तित्तरांच्या दोन जोड्या धन्याच्या मुदपाकखान्यात पोचवायच्या, एवढ्या बोलीवर तो मोकळा हिंडतो. पक्षी हाच त्याचा परवाना.

‘कास्यान’ कथेत तर प्रश्न तोंडावरच विचारला जातो. गाडीचा आस मोडल्यामुळे निवेदक एका वाडीवर अडकतो, तोडलेल्या रानाकडे शिकारीला जातो आणि एक कॉर्नक्रेक पाडतो. बरोबर आलेला ठेंगणा, विचित्र कास्यान विचारतो की हा पक्षी का मारला. खाण्यासाठी, या उत्तरावर त्याचा विश्वास नाही. करमणुकीसाठीच, असे तो ठामपणे सांगतो. निवेदकाला यावर धड उत्तर सुचत नाही.

पण आमचे सर्वाधिक वाद होतात ते ‘बुर्मिस्त्र’ म्हणजे ‘कारभारी’ या कथेवरून. तिचा निवेदक पेनोचकिन नावाच्या जमीनदाराकडे जातो तो का? माणूस त्याला मुळीच आवडत नाही. पण त्याच्या जमिनीवर पक्षी पुष्कळ. पेनोचकिन सुसंस्कृत आहे, हात स्वच्छ ठेवतो, फ्रेंच शब्द पेरतो. न्याहारीच्या वेळी मद्य कोमट केलेले नाही, एवढ्यावरून तो आवाज न चढविता नोकराच्या शिक्षेची व्यवस्था करतो. निवेदकाला तिथून सटकायचे असते. शिकारीसाठी र्याबोव्हो गाठायचे असते. पेनोचकिन बळेच बरोबर निघतो आणि वाटेत आपले शिपिलोव्का गाव दाखवायला नेतो. तिथे अंतिप नावाचा म्हातारा मुलासह पाया पडतो : कारभाऱ्याने दोन मुलगे पाळी नसता सैन्यभरतीत दिले, आता तिसराही नेतो आहे, शेवटची गाय दावणीची सोडून नेली. जमीनदार त्याला झिडकारतो. दोन तासांनी निवेदक र्याबोव्होत पोचतो. ओळखीचा एक शेतकरी त्याला सांगतो की तो कारभारी माणूस नव्हे, कुत्रा आहे, आणि अंतिपचा तो जीव घेईल. यानंतर कथेत एकच गोष्ट उरते : दोघे शिकारीला जातात.

आमच्यापैकी एकाला हा शेवट निवेदकाच्या निर्ढावलेपणाची कबुली वाटतो. दुसऱ्याच्या मते ती निव्वळ सेन्सॉरची सावधगिरी होती. सेन्सॉरचे भय काल्पनिक नव्हते हे खरे. १८५२च्या वसंतात गोगोलवरील मृत्युलेखाचे निमित्त करून तुर्गेन्येवला महिनाभर अटकेत ठेवले आणि मग स्पास्कोयेच्या स्वतःच्या वाड्यात स्थानबद्ध केले. पुस्तक संमत करणाऱ्या ल्वोव या सेन्सॉर अधिकाऱ्याची नोकरी गेली. तरीही आम्ही पहिल्या मताकडे झुकतो. ‘बुर्मिस्त्र’ लिहिली गेली सायलेशियातील साल्झब्रुन या गावी, १८४७च्या जुलैत. इतक्या दुरून लिहिताना आपला शिकारी त्या सकाळी काय करील, हे लेखकाला नेमके दिसले असावे. त्याच्या आईकडे सुमारे पाच हजार भूदास होते. पेनोचकिनकडे फक्त पाहुणा म्हणून जावे, एवढा तो त्या घरांना परका नव्हता.

इथे थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यासाठी आम्ही खेडोपाडी जात होतो. एका गावातल्या ओव्या संपल्या की पुढचे गाव. ‘अजून कोणी गेले नाही असे गाव सांगा’ असे आम्ही विचारीत असू. प्रत्येक ठिकाणी उतरायची सोय गावातल्या मोठ्या वाड्यावर होई, आणि गाणाऱ्या बायांना निरोप जाई. एकदा एक म्हातारी ओवी मध्येच थांबवून मजुरी थकल्याचे सांगू लागली, आणि ती थकविणारा ओसरीवरच बसलेला होता. आम्ही रेकॉर्डर बंद केला. चहा घेतला. दुपारी पुढच्या गावाला निघालो. ‘बुर्मिस्त्र’चा शेवट शिकवताना आम्ही दोघेही थोडे अडखळतो, ते बहुधा यामुळे.

भूदासपद्धती १८६१मध्ये रद्द झाली. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८७४ साली, तुर्गेन्येवने या मालिकेत ‘जिवंत अवशेष’ ही कथा आणली. घडते ती मात्र जुन्याच काळात. निवेदक आणि येर्मोलाय ग्राउसच्या शिकारीसाठी दूरच्या बेल्योव्ह तालुक्यात आलेले आहेत आणि पाऊस थांबत नाही. येर्मोलाय सुचवितो, जवळच अलेक्सेयेव्का म्हणून वाडी आहे, रात्र तिथे काढू. ही वाडी निवेदकाच्या आईचीच निघते. असे काही आपल्या मालकीचे आहे, याची त्याला तोवर दादही नव्हती. सकाळी तो मधमाश्यांच्या पेट्यांजवळच्या एका खोपीत डोकावतो. आत लुकेर्या पडलेली असते. एके काळी त्यांच्याच घरची दासी, नाचणारी, गाणारी, घरातली सर्वांत देखणी मुलगी. पडल्याचे निमित्त होऊन सात वर्षे अंथरुणाला खिळलेली. तिला आईच्या माणसांनी तिथे ठेवले होते आणि मुलाला पत्ता नव्हता.

तुला काही हवे का, असे तो निघताना विचारतो. स्वतःसाठी काही नको, ती म्हणते. पण इथले शेतकरी गरीब आहेत, जमीन पुरत नाही, आईसाहेबांना सांगून त्यांचा खंड थोडासा कमी करता आला तर पाहावा.