केंद्रीकृत आणि विकेंद्रीकृत कंत्राट व्यवस्थापन

प्रकल्पासाठी निविदा काढणे, पुरवठादार निवडणे, करार करणे आणि त्याच्या पूर्ततेवर देखरेख ठेवणे ही कामे संस्थेत कोणाकडे असावीत, यावरून कंत्राट व्यवस्थापनाचे केंद्रीकृत आणि विकेंद्रीकृत असे दोन प्रमुख प्रकार मानले जातात.

केंद्रीकृत पद्धत

या पद्धतीत संस्थेचा एकच कंत्राट विभाग सर्व प्रकल्पांचे करार हाताळतो. करार अधिकारी विभागप्रमुखाला उत्तरदायी असतो, प्रकल्प व्यवस्थापकाला नव्हे. अनेक प्रकल्पांची मागणी एकत्र केल्याने घाऊक दर मिळू शकतात, करारांच्या अटींत एकसारखेपणा राहतो आणि कायदेशीर बाबींचे ज्ञान एके ठिकाणी एकवटते. मात्र एका अधिकाऱ्याकडे अनेक प्रकल्प असल्याने तातडीच्या खरेदीलाही विलंब होऊ शकतो.

विकेंद्रीकृत पद्धत

येथे प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र करार अधिकारी नेमला जातो व तो प्रकल्प व्यवस्थापकाच्या अधिपत्याखाली काम करतो. त्याला प्रकल्पाच्या गरजांची जवळून माहिती असल्याने निर्णय लवकर होतात. परंतु एकाच वस्तूसाठी निरनिराळे दर दिले जाण्याची शक्यता असते, अनुभव विखुरला जातो आणि प्रकल्प संपल्यावर अधिकाऱ्याच्या पुढील नेमणुकीचा प्रश्न उभा राहतो.

भारतातील उदाहरणे

केंद्र सरकारचे पुरवठा व विल्हेवाट महानिदेशालय विविध खात्यांसाठी दर करार करीत असे. ते ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'जेम' या शासकीय ई-बाजारपेठेत नियम व व्यासपीठ सामायिक असले, तरी खरेदीचा निर्णय संबंधित खाते घेते. त्यामुळे ही व्यवस्था संमिश्र स्वरूपाची ठरते.

तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून शासकीय रुग्णालयांची औषधखरेदी केंद्रीकृत केली. महाराष्ट्रात हे काम २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे सोपवण्यात आले. पुढे २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाची तरतूद झाली. औषधांच्या बाबतीत स्वस्त दर आणि वेळेवर पुरवठा या दोहोंचा परिणाम थेट रुग्णांवर होतो.

पद्धतीची निवड

नेहमी लागणाऱ्या, मोठ्या प्रमाणावरील व प्रमाणित वस्तूंसाठी केंद्रीकृत पद्धत सोयीची ठरते. स्थानिक परिस्थितीवर अवलंबून असलेल्या किंवा विशेष स्वरूपाच्या कामांसाठी विकेंद्रीकृत पद्धत उपयुक्त असते. अनेक संस्था ठरावीक रकमेपर्यंतचे अधिकार प्रकल्पाकडे देऊन मोठे करार मध्यवर्ती विभागाकडे ठेवतात.