राजापुरात मोगली कोणत्या भाषेत बोलतो?

साल १९९३, रविवारची सकाळ. तुम्ही राजापुरात, जवाहर चौकाच्या वरच्या अंगाला एका कौलारू घरात सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला आहात. पुढ्यात शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, आजूबाजूला अर्ध्या वाडीतली पोरं. बाहेर चिव्याच्या काठीला बांधलेला अँटेना कुणीतरी फिरवतंय.

"आलं काय रे?"

"नाय, मुंग्याच हत! अजून फिरव... गेलं, गेलं! हां, आता हलवू नको!"

मुंग्या विरतात आणि मोगली फांदीवरून झेप घेतो. शेजारच्या पोराच्या हातात चहात बुडवलेलं बटर आहे, ते तोंडापर्यंत न पोचताच विरघळून पेल्यात पडतं. त्याचं लक्ष नाही. शेरखान बोलायला लागतो तेव्हा मागे दाराशी उभी असलेली मोठी माणसंही कान देतात. तो आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे आपल्याच मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाचा. जरा विचार करा. मूळ गोष्ट मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची, चित्रं जपानी, शीर्षकगीत गुलजारांचं, वाघाचा आवाज कोकणातला. आणि बोलणं सगळं हिंदी. खोलीतल्या कुणालाच ते खटकत नाही. तुम्हीही अजून काही म्हणू नका, बघत राहा.

दोन वर्षं पुढे या. १९९५ चे गणपती. एसटीतून चाकरमानी उतरतात, त्यांच्याबरोबर मुंबईची भावंडं आणि एक नवी बातमी: १ मेपासून कार्टून नेटवर्क नावाचा चॅनेल सुरू झालाय, दिवसभर नुसती कार्टून! संध्याकाळी मात्र त्याच चॅनेलवर टीएनटीचे इंग्रजी सिनेमे लागतात. पडवीत आरतीची तयारी चालू असताना मुंबईचा भाऊ हातवारे करून टॉम आणि जेरी उभे करतो आणि राजापूरची पोरं पोट धरून हसतात. मांजर-उंदरांना भाषा लागत नाही. 'स्वॅट कॅट्स' सांगायला मात्र तो अडखळतो, कारण इंग्रजी त्यालाही जेमतेमच कळतं.

मग काळ भराभर पळतो. दशक सरता सरता हीच कार्टून हिंदी बोलू लागतात. २००१ मध्ये कार्टून नेटवर्क चोवीस तासांचा होतो, २००४ च्या १ जानेवारीला पोगो येतो आणि त्याच वर्षी सप्टेंबरात यूटीव्हीचा हंगामा. तो तर आपल्याच देशातल्या कंपनीने खास मुलांसाठी काढलेला.

इथे थोडं थांबा. चौकातल्या दुकानांच्या माथ्यावरून केबलची काळी वायर एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेली आहे. भारनियमनाचे दिवस आहेत. डोरेमॉन पोटाच्या खिशातून काहीतरी काढणार, एवढ्यात लाईट जाते आणि पोरं अंगणात पळतात. त्यांचा खेळ नीट ऐका. "मैं नोबिता, तू जियान! रुक, मैं गॅजेट निकालता है!" लंगडी-लगोरीच्या भांडणातलं यांचं मराठी अस्सल राजापुरी, पण कल्पनेतल्या जगात शिरलं की हिंदी. त्यांना हिंदी आली याचा आनंदच आहे. मला सलतं ते एवढंच की चमत्कार, धाडस, गुपितं ही सगळी मजा त्यांच्यासाठी दुसऱ्या भाषेत घडते.

कार्टून मराठीत न येण्यामागे हिशेब आहे. टीव्हीच्या जाहिरातबाजारात महाराष्ट्र हिंदी समजणाऱ्या पट्ट्यात धरला जातो. पोरांना हिंदी कळतं, मग मराठी डबिंगवर वेगळा पैसा का घालायचा? तमिळ मुलांना सन समूहाने २००७ मध्ये चुट्टी टीव्ही दिला, मल्याळी मुलांना २०११ मध्ये कोचू टीव्ही. आपल्याकडे काय कमी होतं? ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' दूरदर्शनवर मराठीतून आला, तेव्हा घरंच्या घरं समोर बसत. मुलांची गोष्ट मराठीत चालत नाही, हे कारण मला कधीच पटलेलं नाही.

२०१२ मध्ये पोचा. निक चॅनेलवर 'मोटू पतलू' लागलंय. ते घडवणारा कॉसमॉस-माया हा स्टुडिओ मुंबईतला, आपल्या राज्याच्या राजधानीतला. राजापुरात ते पोचतं हिंदीतूनच. पोरं मोटूसारखी समोश्यासाठी हट्ट धरतात आणि घरात घावणे थंड होतात.

मग येतं २०२१. ईटीव्ही बाल भारत एकाच वेळी अनेक भारतीय भाषांत सुरू होतं आणि त्यांत मराठीही असते. कार्टून नेटवर्क भारतात आल्याला तोवर सव्वीस वर्षं होत आली आहेत. रविवारी माजघरात मोगली बघणारी पोरं आता स्वतः आईबाप झाली आहेत आणि त्यांच्या मुलांच्या हातात मोबाइल आहे.

आता आजच्या राजापुरात परत या आणि एक काम करा. पुढच्या वेळी केबलचे पैसे द्याल किंवा डिशचं रिचार्ज माराल, तेव्हा मुलांसाठी मराठीत काय लागतं ते विचारा. सेट-टॉप बॉक्सवर भाषा बदलता येते का, तेही बघा. काही नाही म्हणाले, तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. मागणी दिसल्याशिवाय चॅनेलवाले मराठीवर पैसा घालणार नाहीत.