शिरोरेषा आणि उसना वेष

वर्डप्रेस २००३ साली आले. २००५च्या १.५ या आवृत्तीपासून लेखाचा मजकूर आणि त्याचा वेष, म्हणजे 'थीम', वेगळे झाले. मराठीत टंकण्याची सोय 'गमभन'ने करून दिली. वेष मात्र रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेलेच मिळाले. ओळींतील अंतर तोकडे पडले की वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला भिडतो. अक्षरे विरळ केली की शिरोरेषा तुटते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) शिशाच्या खिळ्यांत याच काना-मात्रांचा प्रश्न हाताळला होता. तो इतिहास आपण वर्गात मुद्रणकलेपुरता सांगतो. गारगोटीच्या विद्यार्थ्याने ब्लॉग काढला, तर फक्त शुद्धलेखन तपासतो. वास्तविक ओळींची उंची वाढवणे हे थीमच्या शैलीपत्रकातले एका ओळीचे काम आहे.