एका रिंगटोनची किंमत: नागपूर, जलसा आणि भीमगीतांचा इतिहास

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे इकडंतिकडं झालं ते थोडं नीट लावलंय, बाकी तसंच ठेवलंय.

सरळ मुद्द्यावर येतो. मे २०१५, शिर्डी. नर्सिंग शिकणारा एकवीस वर्षांचा एक पोरगा लग्नासाठी आला होता. त्याचा फोन वाजला. रिंगटोन होती बाबासाहेबांवरच्या एका गाण्याची. तिच्यावरून काही जणांनी वाद घातला, त्याला मारहाण झाली आणि त्यात तो गेला, अशी बातमी तेव्हा देशभर आली होती.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. माझ्या लेखी रिंगटोन म्हणजे काही सेकंदांची एक ऑडिओ फाइल. तिच्यात एवढं काय असतं, की कोणाला ती सहन होऊ नये? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर शंभरेक वर्षं मागं जावं लागतं, आणि त्यातला बराचसा रस्ता आपल्या नागपूरवरूनच जातो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जगात संगीत आणि वर्णद्वेष हा विषय निघाला की अमेरिका नाहीतर इंग्लंड आठवतं. आपल्याकडं तो प्रश्न जातीचा आहे. जात आणि वंश एकच नाहीत, हे बाबासाहेबांनी स्वतः १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विच्छेदन’मध्ये मांडलंय. पण दुखणं एकमेकांना ओळखतं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तरही आलं. म्हणून आज तुलना करू, पण सरमिसळ नको.

आता नागपूर. इथल्या भागात महार समाजातले पुष्कळ लोक जाडंभरडं कापड विणायचे. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीत हातांची गरज पडली. पगार आला, वस्त्या वाढल्या, सभा भरू लागल्या. पगार मिळाला म्हणजे मान मिळाला असं नव्हतं, पण गावच्या पाटलाच्या तोंडाकडं बघायची गरज कमी झाली. अशा जागी गाणं, नाटक, वर्तमानपत्र उभं राहू शकतं.

नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे हे त्यातलं पहिलं मोठं नाव. १९१० च्या सुमारास त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, पत्रं चालवली आणि कविता लिहिल्या. चोखामेळ्याचं नाव पुढं करून त्यांनी विचारलं, की देवाच्या दारात माणूस बाहेर का उभा? भाषा वारकऱ्यांच्या ओळखीची होती आणि प्रश्न मात्र अडचणीचा होता. ही युक्ती पुढं सगळ्यांनी वापरली: चाल ओळखीची घ्यायची, बोल नवे घालायचे.

दुसरं नाव कामठीचं. बाबू हरदास एल. एन., जन्म १९०४. बिडी कामगारांची संघटना बांधणारा, १९३७ मध्ये मध्य प्रांताच्या विधानसभेत निवडून गेलेला आणि १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत गेलेला हा माणूस. ‘जयभीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पण त्यांनी ‘वीर बालक’ नावाचं नाटक लिहून रंगमंचावर आणलं होतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? भाषणाला न येणारी बाई-माणसं नाटकाला येतात, हे त्यांना कळलं होतं.

तिकडं नाशिक-मुंबईकडं जलसा उभा राहत होता. त्याचं मूळ सत्यशोधक चळवळीत. १८७३ मध्ये जोतिराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, आणि पुढं त्याच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच साचा प्रचारासाठी घेतला. गण, गवळण, बतावणी, वग हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आतला मजकूर तेवढा बदलला. १९२७ चा महाडचा सत्याग्रह आणि १९३० चा काळाराम मंदिराचा लढा झाला, तसे आंबेडकरी जलसे जोरात आले. भीमराव कर्डकांचा जलसा त्यात नावाजलेला. ढोलकी, डफ, तुणतुणं आणि कंदिलाच्या उजेडात सवाल-जवाब. गावच्या विहिरीवर आम्ही पाणी का भरायचं नाही? मेलेलं ढोर आम्हीच का ओढायचं? पोरीला शाळेत का घालायचं? लोक हसायचे, आणि हसता हसता गप्प व्हायचे. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात.

हे पटायला एक आकडा पुरे. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती, आणि दलित वस्त्यांत त्याहूनही कमी. पुस्तक किती जणांपर्यंत जाणार? गाणं मात्र दळताना, शेतात, गिरणीच्या पाळीला जाताना म्हणता येतं. आपण ज्याला ऑफलाइन मोड म्हणतो, तो हाच.

वामनदादा कर्डकांचीच गोष्ट घ्या. १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत मजुरी करणारा हा माणूस मोठा होईपर्यंत निरक्षर होता. चाळीत कुणीतरी पत्र वाचून द्या म्हणालं आणि यांना वाचता येईना. ती लाज त्यांनी मनाला लावून घेतली. देहलवी नावाच्या मास्तरांकडून अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत पक्की केली. मग २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी लिहिली आणि गावोगाव फिरून गायली. चाली कुठून घेतल्या? लोकगीतातून, सिनेमातून, कव्वालीतून. कव्वाली दर्ग्यातली, म्हणणारा बौद्ध, ऐकायला सगळी वस्ती. यात समाज जोडायचं काम आपोआप होत होतं, कुणी ‘एकता’ असा बॅनर लावला नव्हता.

१४ ऑक्टोबर १९५६. नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दोन महिनेही झाले नाहीत तोच, ६ डिसेंबरला ते गेले. विचार करा, लाखो लोकांनी नवा धम्म घेतलाय आणि समजावून सांगणारा माणूसच उरला नाही. बुद्ध कोण, बावीस प्रतिज्ञा म्हणजे काय, आता लग्न कसं लावायचं, हे घराघरात पोचवायचं मोठं काम गायकांनी केलं. म्हणून मी म्हणून राहिलो, की भीमगीताला नुसतं ‘जयंतीचं गाणं’ समजू नका. तो एका समाजाचा अभ्यासक्रम होता.

आता अवघड प्रश्न. हे गाणं वस्तीबाहेर गेलं का?

प्रल्हाद शिंदेंचं उदाहरण बघा. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला महाराष्ट्रभर वाजतात, सगळ्या जातींच्या घरात. त्याच गळ्यातून निघालेली भीमगीतं मात्र त्यातल्या कितीतरी घरांत कधी लागलीच नाहीत. आवाज तोच, फक्त नाव बदललं. भिंत कानात असते ती इथं दिसते.

इंग्लंडमध्ये १९७६ ला ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ सुरू झालं. त्यांनी गोऱ्या पोरांचं पंक आणि काळ्या पोरांचं रेगे एकाच मंचावर आणलं. १९७८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात त्यासाठी प्रचंड गर्दी झाली. आपल्याकडं १९७२ ला दलित पँथरनं अमेरिकेच्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं, कविता पेटली, पण मंच बराचसा वेगवेगळाच राहिला.

थोडं हलतंय मात्र. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी उभ्या केलेल्या फुटबॉलवरचा हा सिनेमा. नागपूरचीच पोरं, नागपूरचीच बोली, आणि मोठ्या पडद्यावर भीमजयंतीचा नाच. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडलेले अमिताभ बच्चन अनेकांनी पहिल्यांदाच बघितले. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभं राहिलं, गाना आणि रॅप एकत्र करून. आणि छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) कडुबाई खरात एकतारीवर गातात, त्यांचे व्हिडिओ तर तुमच्या फोनवर येऊन गेलेच असतील.

गाण्यानं जात संपली का? नाही. शिर्डीची घटना ‘झुंड’च्या सात वर्षं आधीची, फार जुनी नाही. कायदा, शिक्षण, संघटना यांचं काम गाणं करू शकत नाही. पण ज्या माणसाला खाली मान घालून चालायला शिकवलं, त्याला ताठ उभं राहून मोठ्यानं म्हणता येईल असं काहीतरी गाण्यानं दिलं. त्या रिंगटोनमध्ये तेवढंच होतं: एक पोरगा आपल्या माणसाचं नाव लाज न बाळगता वाजवत होता. कुणाला तेच खुपलं.

जाता जाता एक काम सांगतो, आपल्या पिढीला जमेल असं. ॲपवर भीमगीत शोधा. गायकाचं नाव दिसतं, गीतकाराची जागा मात्र पुष्कळदा रिकामी असते, नाहीतर ‘पारंपरिक’ लिहून मोकळे. ज्यानं रॉकेलच्या दिव्यात ती ओळ लिहिली, तो डेटाबेसमध्ये नाहीच. तुमच्या मोहल्ल्यात, गावात जुना गायक, ढोलकीवाला, जलशात काम केलेली आजी असेल तर भेटा. विचारून, परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. गाणं कुणी लिहिलं, कुठं गायलं, कोणत्या साली, एवढं लिहून ठेवा. आणि तुमच्या घरात हे गाणं कधीच लागलं नसेल, तर या आठवड्यात वामनदादांचं एक गाणं पूर्ण ऐका. शब्दांकडं लक्ष देऊन, डीजेच्या बेसशिवाय.

भेटू पुढच्या भागात. जयभीम!