‘ध’ चा ‘मा’ : नारायणराव पेशव्यांचा खून आणि एक वाक्प्रचार

मजकुरात अथवा निरोपात हेतुपुरस्सर फेरफार करून अर्थाचा अनर्थ घडविणे, याला मराठीत ‘ध चा मा करणे’ असे म्हणतात. सरकारी टिपणीपासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सर्वत्र हा वाक्प्रचार आढळतो. त्याचे मूळ पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी झालेल्या पेशवे नारायणरावांच्या खुनात आहे. ‘नारायणरावास धरावे’ असा मूळ आदेश होता, परंतु रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी तो ‘मारावे’ असा केला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. या कथेतील कोणता भाग न्यायाच्या चौकशीतून आला आणि कोणता लोकांच्या समजुतीतून, हे मात्र सहसा वेगळे करून सांगितले जात नाही.

थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे क्षयाने निवर्तले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले. त्यांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा हे थोर सेनानी होते. १७५८ मध्ये त्यांच्या मोहिमेत मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या आणि ‘अटकेपार झेंडा लावणे’ हा दुसरा वाक्प्रचार मराठीला मिळाला. पेशवेपदाची त्यांची आकांक्षा मात्र जुनी होती. १७६८ मध्ये धोडप येथे माधवरावांनी त्यांचा पराभव करून त्यांना नजरकैदेत ठेवले होते. नारायणरावांच्या कारकिर्दीत प्रारंभीचा सलोखा टिकला नाही आणि १७७३ मध्ये दादा पुन्हा शनिवारवाड्यातच कैदेत पडले. कैदी आणि सत्ताधीश एकाच छपराखाली नांदत होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढील घटनेचा उलगडा होत नाही.

वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी, म्हणजे कवायती पायदळाचे भाडोत्री शिपाई होते. त्यांचा पगार थकला होता. सुमेरसिंग, खरगसिंग आणि मुहम्मद युसूफ हे त्यांचे नायक कटात सामील झाले. दादांचा सेवक तुळाजी पवार हाही त्यात होता. खुनाच्या दिवशी सकाळीच नारायणरावांना संकटाची चाहूल लागली होती आणि त्यांनी हरिपंत फडके यांना बंदोबस्त करण्यास सांगितले होते. हरिपंत मात्र ते काम मागे ठेवून भोजनास निघून गेले, असे इतिहासकार जेम्स ग्रँट डफ याने लिहिले आहे. पेशवाईचे पुढील दशक बदलून टाकणाऱ्या या दुर्लक्षाची चर्चा वाक्प्रचाराच्या मानाने फारच थोडी झाली आहे.

तो दिवस भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा, सोमवारचा होता. अनंत चतुर्दशी दुसऱ्या दिवसावर आली होती. दुपारी पगाराचे निमित्त करून गारदी शस्त्रांनिशी वाड्यात घुसले आणि आड येणाऱ्यांना कापीत पुढे सरकले. अवघे अठरा वर्षांचे नारायणराव धावत चुलत्यांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारून त्यांनी प्राणांची याचना केली. ‘काका, मला वाचवा’ ही हाक त्याच क्षणाची म्हणून सांगितली जाते. तुळाजी पवाराने त्यांना ओढून वेगळे केले. चापाजी टिळेकर या सेवकाने धन्याच्या अंगावर आपला देह टाकला, पण गारद्यांनी दोघांनाही ठार केले. त्या दिवशी वाड्यात बळी पडलेल्यांत इतर सेवक आणि दासीही होत्या. त्यांची नावे कोणत्याही वाक्प्रचारात आलेली नाहीत.

रघुनाथरावांनी पेशवेपद स्वीकारले आणि साताऱ्याहून वस्त्रेही आली. राज्याचे मुख्य न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी मात्र खुनाची चौकशी थांबविली नाही. माहुलीचे रामशास्त्री त्यांच्या निःस्पृहतेबद्दल ख्यात होते. घरात एका दिवसापुरताच शिधा ठेवण्याचा त्यांचा नेम होता, अशी नोंद आढळते. सुमारे सहा आठवड्यांनी त्यांनी दादांना समक्ष दोषी ठरविले आणि या पातकाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही, असे सांगितले. निकाल अमलात येणे शक्य नव्हते, कारण अपराधी स्वतःच राज्यकर्ता होता. आपल्या कारकिर्दीत पुन्हा पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे बजावून शास्त्री वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

अक्षरबदलाची हकीकत याच चौकशीशी जोडलेली आहे. ग्रँट डफ हा साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला. धरण्याचा आदेश आपण दिला होता, असे दादांनी कबूल केले, तो मूळ कागद रामशास्त्र्यांनी मिळविला आणि त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले दिसले, असे तो सांगतो. हा बदल आनंदीबाईंनी केला असे म्हणताना तो पुरावा देत नाही, तर तसा सर्वांचा समज असल्याचे नमूद करतो. म्हणजे कागद चौकशीतला आहे आणि कागदावरचा हात लोकमतातला. खुनाला पन्नासहून अधिक वर्षे लोटल्यानंतर छापलेल्या या विधानातून पुढे समजूत गळून पडली आणि केवळ आरोप उरला.

शब्दाकडे पाहिले तरी काही गोष्टी ध्यानात येतात. ‘धरावे’चे ‘मारावे’ करण्यास केवळ अक्षर बदलून भागत नाही, कानाही वाढवावा लागतो. शिवाय दरबारी पत्रव्यवहार मोडीत चाले. आजचा वाचक मनाशी जे बाळबोध ‘ध’ आणि ‘मा’ उभे करतो, ते त्या कागदावर असण्याचा संभव नाही. पुत्राच्या गादीसाठी आनंदीबाईंनी हे केले, असेही म्हटले जाते. परंतु त्यांचे पुत्र दुसरे बाजीराव यांचा जन्म १० जानेवारी १७७५ चा, म्हणजे खुनानंतर सुमारे सोळा महिन्यांचा आहे. आनंदीबाई कटापासून अलिप्त होत्या, असे यावरून सिद्ध होत नाही. मात्र न्यायाधीशाने ज्याला दोषी ठरविले, त्याच्या नावाचा वाक्प्रचार झाला नाही, हे खरे.

खुनाचे परिणाम पुण्यापुरते राहिले नाहीत. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. सखारामबापू आणि नाना फडणीस आदी बारभाईंनी त्यांना पुरंदरावर हलविले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी तेथे सवाई माधवरावांचा जन्म झाला. गादी गमावलेल्या रघुनाथरावांनी ६ मार्च १७७५ रोजी सुरत येथे इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले. १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांना माघार घ्यावी लागली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत आली, साष्टी मात्र मुंबईकर इंग्रजांकडेच राहिली. दादांना निवृत्तिवेतन ठरले. ते ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगाव येथे निधन पावले. बारभाईंच्या कारभारात रामशास्त्री पुण्यास परतले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्यायासनावर राहिले.

विसाव्या शतकात ही कथा रंगभूमीवर आणि पडद्यावर आली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ हे नाटक १९०९ चे. प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट १९४४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री आणि ललिता पवार आनंदीबाई होत्या. कथेतील आनंदीबाईंचा चेहरा अनेकांच्या मनात त्याच पडद्यावरून ठरला असावा.

शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत भस्मसात झाल्या. तट, दरवाजे आणि जोती तेवढी शिल्लक आहेत. नारायणरावांचा देह ज्या दाराने बाहेर नेला असे सांगतात, तो नारायण दरवाजा आजही दाखविला जातो आणि पौर्णिमेच्या रात्री वाड्यात ‘काका, मला वाचवा’ ऐकू येते, असे मानणारेही आहेत. आनंदीबाईंनी पतीच्या पश्चात सुमारे दहा वर्षे काढली. त्यांचा मृत्यू १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्ली येथे झाला. आज आनंदवल्ली हा नाशिक शहराचाच एक भाग आहे.