रंग पातळ झाला तेव्हा : मोटारीच्या क्ले बारचा इतिहास

मोटारीच्या रंगावर चिकटून बसलेली घाण काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्ले बारचा, म्हणजे मळलेल्या कणकेसारख्या मऊ वडीचा, इतिहास जेमतेम चार दशकांचा आहे. परंतु ही वडी नेमकी त्याच काळात का अवतरली हे समजून घ्यायचे तर मोटारीच्या रंगाचा त्याहून बराच जुना इतिहास पाहावा लागतो, कारण स्वच्छतेची साधने रंगाच्या मागोमाग बदलत गेली आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त रंग आणि वॉर्निश यांचे एकावर एक हात दिले जात, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबणे भाग असे आणि एक गाडी रंगून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे लागत. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डने ‘मॉडेल टी’ केवळ काळ्या रंगात विकली. वाळण्याच्या वेळेची आणि रंगांच्या मर्यादेची ही कोंडी फोडली ती ड्यूपाँट आणि जनरल मोटर्स यांनी मिळून व्यवहारात आणलेल्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने, म्हणजे सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेल्या आणि द्रावक उडून जाताच वाळणाऱ्या रंगाने. १९२४ च्या ओकलंड या बनावटीच्या गाड्या या लॅकरच्या निळ्या छटेत बाजारात आल्या आणि आठवड्यांचे काम तासांवर आले.

लॅकर वाळल्यावर निस्तेज दिसे आणि घासल्याशिवाय त्याला चमक येत नसे. शिवाय उन्हापावसात त्याचा वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होई. त्यामुळे गाडी स्वच्छ करणे म्हणजे रंगाचा मेलेला थर खरवडून खालचा ताजा थर उघडा करणे, असेच समीकरण त्या काळात बनले. फ्रँक मेग्वायर यांनी १९०१ मध्ये अमेरिकेत लाकडी सामानाच्या पॉलिशपासून सुरू केलेला उद्योग पुढे मोटारींकडे वळला, सिमोनिझ या कंपनीचे क्लीनर आणि मेण घरोघरी पोहोचले, आणि ब्राझीलमधील कारनौबा ताडाच्या पानांपासून मिळणारे मेण चकाकीचे मानक ठरले. फडक्यावर गाडीचाच रंग उतरलेला दिसला की काम नीट चालल्याची खात्री पटे. महाराष्ट्रातील गॅरेजांत आजही कानी पडणारा ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्द याच पद्धतीचा वारसा सांगतो. रंगाचा थर एकजिनसी आणि पुरेसा जाड होता तोवर या खरवडण्यात मोठे नुकसान नव्हते, कारण वरून काही गेले तरी खालीही तोच रंग होता.

सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत हे गणित बिघडले. धातूच्या कणांची झाक असलेले रंग लोकप्रिय झाल्यावर कारखान्यांनी रंगाचा पातळ थर, ज्याला बेस कोट म्हणतात, आणि त्यावर रंगहीन पारदर्शक क्लिअर कोट अशी दुहेरी रचना स्वीकारली. आजच्या गाडीवरील क्लिअर कोट साधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्ये त्याच्यातच मिसळलेली असतात. जुन्या सवयीने रबिंग कंपाउंड, म्हणजे रंगाचा थर घासून उतरवणारे मिश्रण, घेऊन बसणारा कारागीर आता रंगाचे संरक्षणच झिजवू लागला, आणि फडके पांढरेच राहत असल्याने आपण किती थर उतरवला हे त्याला कळण्याचा मार्गही उरला नाही.

घाण मात्र कमी झाली नव्हती, उलट तिचे प्रकार वाढले होते. रेल्वेने नव्या गाड्या वाहून नेताना चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडणारे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतून बसत आणि दमट हवेत गंजून, विशेषतः पांढऱ्या गाडीवर, नारिंगी ठिपके उमटवीत. या कणांना त्या व्यवसायात ‘रेल डस्ट’ म्हणतात. त्याच्या जोडीला कारखान्यांच्या धुराड्यांतून पडणारी काजळी, झाडांचा चीक, डांबराचे शिंतोडे आणि शेजारी चाललेल्या रंगकामातून उडून बसलेला ‘ओव्हरस्प्रे’ होता. यांपैकी बरेचसे साबणपाण्याने जात नाही. पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून धुतलेल्या पत्र्यावरून बोटे फिरवली, तर डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पृष्ठभाग वाळूच्या कागदासारखा खरखरीत लागतो.

या अडचणीवरचा उपाय जपानमधून आला. तेथील रंगकाम करणाऱ्या कारखान्यांमध्ये ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओव्हरस्प्रे काढण्यासाठी लवचीक वडी वापरली जाऊ लागली, आणि तादाओ कोदाते या जपानी संशोधकाला १९९५ मध्ये तिच्यासाठी अमेरिकेचे पेटंट मिळाले. या वडीत खरी माती नसते. पॉलिब्युटीनसारखे कृत्रिम बहुवारिक, म्हणजे लांब साखळ्यांचे रेणू असलेला लवचीक पदार्थ, आणि त्यात मिसळलेले अतिसूक्ष्म घर्षक कण, अशी तिची घडण असते. पेटंटाच्या शीर्षकात तिचा उल्लेख लवचीक घर्षणशिला असा आहे, आणि ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही, कारण वडी रंगाला अजिबात न घासता केवळ घाण उचलते असे नंतरच्या जाहिराती सुचवीत राहिल्या, तरी संशोधकाने ती अपघर्षक म्हणूनच नोंदवली होती. फरक एवढाच की कंपाउंड सगळा पृष्ठभाग झिजवते, तर वडी उंचवट्यांवर अडते आणि वर आलेला कण कापून किंवा उपटून स्वतःत सामावून घेते.

वापराची रीत साधी असली तरी शिस्तीची आहे. वडीचा एक तुकडा हातात मळून चपटा करायचा, पत्र्याच्या हातभर भागावर वंगण म्हणून पातळ साबणपाणी किंवा त्यासाठीचा द्रव फवारायचा आणि तुकडा जोर न देता सरळ रेषेत पुढेमागे सरकवायचा. सुरुवातीला तो अडखळतो आणि खरखर ऐकू येते, मग हळूहळू आवाज बंद होतो व हात निर्वेध सरकतो, तेव्हा तो भाग झाला असे समजतात. तुकडा काळवंडला की घडी घालून आतील स्वच्छ बाजू वर आणतात. तो जमिनीवर पडला तर मात्र टाकून द्यावा लागतो, कारण त्याला चिकटलेला एखादा वाळूचा कण पुढच्याच हातात गाडीभर ओरखडे उमटवू शकतो. नव्वदच्या दशकात अमेरिकेत वडीचा प्रसार झाला, पेटंटच्या हक्कांवरून तेथे न्यायालयीन वादही झाले, आणि पेटंटची मुदत सरल्यावर स्वस्त वड्यांचा सुकाळ झाला.

तोवर वडीला दोन बाजूंनी प्रतिस्पर्धी उभे राहिले होते. त्यांतला एक केवळ तिचेच रूपांतर आहे : मायक्रोफायबरचे कापड, हातमोजा किंवा यंत्राला लावायची चकती यांवर कृत्रिम रबरासारख्या बहुवारिकाचा थर चढवलेला असतो. त्याने काम कितीतरी पटीने लवकर उरकते आणि हातातून पडला तरी धुऊन पुन्हा वापरता येतो. पण घाण थराच्या आत न शिरता पृष्ठभागावरच राहत असल्याने तो वारंवार धुवावा लागतो, आणि काळ्या, मऊ रंगावर त्याचे धूसर व्रण उमटण्याची शक्यता असते. मोठ्या कार्यशाळांनी त्याला पसंती दिली ती मुख्यतः वेळ वाचतो म्हणून, दर्जा सुधारतो म्हणून नव्हे.

दुसरा प्रतिस्पर्धी रसायनाचा होता आणि इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. रेल डस्ट काढण्यासाठी ऑक्झॅलिक आम्लाची धुलाई पूर्वीपासून परिचित होती, परंतु २०१० च्या आसपास थायोग्लायकोलेट क्षारांवर आधारलेली द्रावणे लोकप्रिय झाली, जी लोखंडाशी संयोग पावून पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग बनवतात. पांढऱ्या गाडीवर फवारा मारल्यावर काही मिनिटांत दारांच्या खालच्या भागावरून आणि चाकांवरून जांभळे ओघळ वाहू लागतात, आणि केस कुरळे करण्याच्या लोशनची ओळखीची उग्र दुर्गंधी पसरते, कारण दोहोंतील रसायन एकाच कुळातले आहे. येथे घर्षणाशिवाय रुतलेला लोखंडी कण सैल होऊ लागला. परंतु डांबर, झाडाचा चीक किंवा ओव्हरस्प्रे यांच्यावर या द्रावणाचा काहीच इलाज चालत नाही. डांबरासाठी वेगळा द्रावक लागतो आणि ओव्हरस्प्रे अजूनही वडीच काढते. वडीला नवा पर्याय सापडला या दाव्यात म्हणूनच अर्धेच तथ्य आहे : लोखंडापुरते तिचे काम रसायनाने घेतले, बाकीचे तिच्याकडेच राहिले.

सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे सिलिकायुक्त कडक लेपाचा, प्रसार झाल्यावर वडीचे स्थान आणखी बदलले. लेप देण्यापूर्वी रंग निर्मळ असावा लागतो, म्हणून आधी लोखंड विरघळवणारे द्रावण, मग वडी किंवा हातमोजा आणि शेवटी यंत्राने हलके पॉलिश असा क्रम रूढ झाला. परंतु लेप बसल्यानंतर त्यावर वडी फिरवणे शक्यतो टाळले जाते, कारण ती त्या लेपालाच घासते. अनेक कार्यशाळांत सपाट बॉनेट आणि दारे हातमोज्याने उरकली जातात, तर बोधचिन्हाच्या कडा, दाराच्या मुठीची खोबण आणि आरशांच्या सांध्यांसाठी वडीचा छोटा तुकडा मळून हाताशी ठेवला जातो.