आंतरराष्ट्रीय कायद्याचे विखंडन

व्यापार, मानवी हक्क, सागर, पर्यावरण, फौजदारी न्याय अशा एकेका विषयापुरते तह राष्ट्रांनी वेळोवेळी केले, प्रत्येक तहाच्या अंमलासाठी निराळी संस्था व निराळे न्यायपीठ उभारले, परंतु या सर्वांवर अखेरचा शब्द सांगणारे न्यायपीठ निर्माण केले नाही. त्यामुळे एकाच प्रश्नाला परस्परांस अपरिचित, प्रसंगी परस्परविरोधी, असे नियम लागू होण्याची जी अवस्था उद्भवते, तिला ही संज्ञा आहे. राष्ट्राराष्ट्रांना सामाईक विधिमंडळ नसल्याने ती काही अंशी अटळ होती, आणि विल्फ्रेड जेंक्स यांनी १९५३ मध्येच तिच्याकडे लक्ष वेधले होते.

उदाहरणार्थ, परकीय सशस्त्र दलांच्या कृत्यांचे दायित्व राज्यावर येण्यास त्या कृत्यांवर त्याचे परिणामकारक नियंत्रण असले पाहिजे, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या दाव्यात १९८६ मध्ये म्हटले. त्याच नगरीत बसणाऱ्या युगोस्लाव्हियाविषयक न्यायाधिकरणाने तादिच खटल्यात १९९९ मध्ये एकंदर नियंत्रण पुरेसे मानले. आणि २००७ मध्ये बोस्नियाच्या दाव्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपलीच जुनी कसोटी पुन्हा उचलून धरली.

संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने या प्रश्नासाठी २००२ मध्ये अभ्यासगट नेमला. मार्ती कोस्केनिएमी यांच्या अध्यक्षतेखाली २००६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या अहवालाने विशेष नियमाचे सामान्य नियमाहून प्राबल्य, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०३ व्या कलमाचे वर्चस्व आणि १९६९ च्या व्हिएन्ना तहातील अर्थनिर्णयाचे नियम ही साधने साक्षेपाने मांडली. मात्र न्यायपीठांच्या अखत्यारांचा कलह त्याने हेतुतः बाजूस ठेवला, आणि खरा गुंता तेथेच आहे.

आयर्लंडला तो भोवला. ब्रिटनच्या सेलाफील्ड येथील, प्लुटोनियममिश्रित अणुइंधन बनविणाऱ्या कारखान्यामुळे आयरिश समुद्र किरणोत्सर्गाने दूषित होईल या भयाने त्याने २००१ मध्ये दाद मागितली. माहिती मिळविण्यासाठी ईशान्य अटलांटिकच्या संरक्षणाच्या ऑस्पार तहाखाली एक लवाद, प्रदूषणासाठी १९८२ च्या सागरी तहाखाली दुसरा, आणि तो बसेपर्यंत तातडीच्या हुकुमासाठी हॅम्बर्गचे सागरी न्यायाधिकरण, अशी त्या एका गाऱ्हाण्याची वाटणी झाली. हॅम्बर्गने कारखाना न थांबविता उभयतांस मसलतीचा हुकूम दिला. पहिल्या लवादाने २००३ मध्ये मागणी फेटाळली. दुसऱ्याने त्याच वर्षी, विषय यूरोपीय समुदायाच्या अखत्यारीतला असू शकेल म्हणून, काम तहकूब केले. आणि ३० मे २००६ रोजी लक्झेंबर्गच्या यूरोपीय न्यायालयाने, गाऱ्हाणे समुदायाबाहेर नेले हाच आयर्लंडचा करारभंग ठरविला. लहान राष्ट्र तह करते ते बलाढ्य शेजाऱ्यासमोर उभे राहण्यास हक्काची चावडी मिळावी म्हणून; येथे चावड्या चार होत्या, आणि समुद्राच्या प्रदूषणाचा मूळ प्रश्न एकीनेही गुणावगुण पाहून निकालात काढला नाही. आयर्लंडने २००७ मध्ये दावा मागे घेतला. कारखाना बंद करण्याचा निर्णय २०११ मध्ये जाहीर झाला, तो फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानी गिऱ्हाइकांचा भरवसा उरला नाही म्हणून.